नाव कमी होण्यापूर्वी

हिंजवडीच्या शिवाजी चौकाजवळ एक झेरॉक्सचं दुकान आहे. भाडेकरार, पोलिस व्हेरिफिकेशन, पासपोर्टचे फोटो, आधारची रंगीत प्रिंट हा तिथला रोजचा धंदा. दुकानदार मूळचा माजलगावकडचा. कंपन्यांतून माणसं कमी व्हायला लागली की तुमच्या धंद्यात काही फरक पडतो का, असं मी त्याला विचारलं. बायोडेटांच्या प्रिंटा वाढतात, असं तो सांगेल अशी माझी अटकळ होती.

"बायोडेटा आता कोण छापतंय सर?" तो म्हणाला. "मेडिक्लेमची कार्डं छापतात. आईबापाची. लॅमिनेशन करून द्या म्हणतात. एकाच बिल्डिंगीतली चार-पाच पोरं एकाच आठवड्यात तसली कार्डं घेऊन आली, की मी समजतो तिथं काहीतरी शिजतंय. पेपरात मागाहून येतं."

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'आधार' हा विषय दिला, तेव्हा नोकरी गेल्यानंतरच्या दिवसांवर नको, जाण्याआधीच्या दिवसांवर लिहितो, असं मी त्यांना सांगितलं. २७ जुलै २०२५ ला टीसीएसने आपल्या मनुष्यबळातली सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून जास्त माणसं वर्षभरात कमी करणार असल्याचं जाहीर केलं आणि या रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांवर आवाज एकदम खाली आले. ज्यांचा त्या कंपनीशी काडीचा संबंध नाही त्यांचेही. कुणाचं प्रोजेक्ट संपत आलेलं, कुणी प्रोजेक्टविना बेंचवर बसलेला, कुणाच्या मॅनेजरने 'जरा बोलायचंय' म्हणून मीटिंग लावलेली. नोकरी जाणार हे कळणं आणि ती प्रत्यक्ष जाणं यांच्यात कधी तीन महिने असतात, कधी तीन आठवडे. त्या दिवसांत माणसं काय करतात? बहुतेक जण काहीच करत नाहीत. लॅमिनेशन करतात.

लॅमिनेट केलेलं कार्ड दहा वर्षं टिकतं. त्यावरचा विमा शेवटच्या दिवशी रात्री बारा वाजता संपतो.

डिलीशनची यादी

मनुष्यबळ विभागात बावीस वर्षं काढलेल्या एक बाई मला औंधला भेटल्या. आता स्वतःचं छोटं काम करतात. नाव छापायचं नाही, आधीच्या कंपन्यांचं तर अजिबात नाही, या अटीवर बोलल्या आणि मोकळेपणाने बोलल्या.

"लोकांना वाटतं मेडिक्लेम त्यांचा आहे," त्या म्हणाल्या. "तो कंपनीचा असतो. पॉलिसी एकच, मालक कंपनी. तुम्ही त्या यादीतलं एक नाव. दर महिन्याला आम्ही विमा कंपनीला दोन याद्या पाठवतो. नव्याने आलेल्यांची ती ॲडिशन, गेलेल्यांची ती डिलीशन. गेलेल्या माणसाच्या नावापुढे त्याचा शेवटचा कामाचा दिवस घालायचा. त्या तारखेपासून तो, त्याची बायको, पोरं, आईवडील, सगळ्यांची नावं कमी."

नाव कमी करणं. हा शब्द मी या लेखासाठी फिरताना पुन्हा एकदा, अगदी वेगळ्या कचेरीच्या बाबतीत ऐकला. तो पुढे येईल.

नाव कमी झालं की उरलेल्या महिन्यांचा प्रीमियम विमा कंपनी परत करते, पण तो कंपनीच्या ठेव खात्यात. हिशेबाच्या भाषेत सीडी बॅलन्स. आईवडिलांसाठी तुमच्या पगारातून वर्षाचे पैसे आधीच कापले असतील, तर त्यातला उरलेला भाग अंतिम हिशेबात तुम्हाला मिळायला हवा. मात्र वर्षभरात क्लेम झालेला असेल तर सहसा परतावा नसतो. "हे कुणी विचारतच नाही," बाई म्हणाल्या. "ग्रॅच्युइटीवर भांडतात, नोटीस पेवर भांडतात. चार हजार रुपयांच्या प्रीमियमसाठी कोण तोंड उघडणार? पण मुद्दा चार हजारांचा नाहीच. एकदा तो प्रश्न विचारला, की पॉलिसीचं नाव काय, नंबर काय, विमा कंपनी कोणती, हे सगळं बाहेर येतं. तेच तर लागतं पुढे."

ही माहिती कर्मचाऱ्याच्या हातात का नसते, याचं उत्तर साधं आहे. ई-कार्ड, पॉलिसीच्या अटी, जुन्या क्लेमचे तपशील हे सारं कंपनीच्या लॉगिनने उघडणाऱ्या पोर्टलवर असतं. शेवटच्या दिवशी दुपारी लॅपटॉप जमा होतो, लॉगिन बंद पडतं, आणि आपला विमा कोणत्या कंपनीचा होता हेसुद्धा आठवेनासं होतं. काही हुशार मंडळी घाबरून सगळे मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवायला लागतात. ते त्याहून वाईट. कंपनीची सुरक्षा यंत्रणा तसा ढीग बाहेर जाताना पाहते आणि आर्थिक कारणाने जाणारा माणूस शिस्तभंगाच्या कारणाने जातो. आपली कार्डं, पॉलिसीच्या अटींची प्रत, क्लेमची पत्रं, पगारपत्रकं, एवढंच घ्यायचं. आणखी एक बारीक गोष्ट बाईंनी सांगितली, ती मला कुठल्याही सल्ल्याच्या लेखात दिसली नव्हती. पीएफच्या यूएएनला आणि विम्याला जोडलेला मोबाईल नंबर कंपनीच्या सिमचा असेल, तर सिम परत केल्यावर ओटीपी दुसऱ्याच्या खिशात वाजतो.

मग त्या पाच महिन्यांच्या गरोदर मुलीबद्दल बोलल्या. तिचं नाव कपातीच्या यादीत आलं होतं. कंपनीने दोन पर्याय ठेवले. तीन महिन्यांचा पगार एकरकमी घेऊन आजच बाहेर पडा, किंवा तीन महिने पटावर राहा, कामाला येऊ नका. पैसे दोन्हीकडे सारखेच. बहुतेक जण एकरकमी घेतात, कारण पुढची नोकरी लगेच धरता येते. "ती पोर माझ्यासमोर बसून पहिल्या कागदावर सही करणार होती. मी म्हटलं, बाळा, जरा थांब. पटावर राहिलीस तर विमा राहतो. आणि तीन महिने नको, साडेचार माग." बाजारातल्या वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपणासाठी नऊ महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंत थांबावं लागतं, गटविम्यात सहसा ते पहिल्या दिवसापासून असतं. शिवाय तेव्हा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याचं बारावं कलम होतं. गरोदरपणात कामावरून काढलं तरी, एरवी ती पात्र असेल तर, मातृत्व लाभाचा हक्क त्यामुळे बुडत नाही. हे कलम बाईंनी तिला सांगितलं नाही, कारण पगार त्या कंपनीचा घेत होत्या. तिच्या नवऱ्याला फोनवर 'कायदा वाचा' एवढंच म्हणाल्या. मुलीला साडेचार महिने मिळाले.

जोडी एकच

पटावरच्या तारखेचं महत्त्व मला खरं कळलं ते बाणेरच्या एका घरात. नवरा टेस्टिंगमध्ये, अकरा वर्षं एकाच कंपनीत. बायको दुसऱ्या कंपनीत. त्याचे आईवडील कोरेगावला राहतात, सातारा जिल्ह्यातल्या. वडील बहात्तर वर्षांचे, मधुमेह. आईंची तीन वर्षांपूर्वी पुण्यात अँजिओप्लास्टी झाली. बिल कंपनीच्या मेडिक्लेमने भरलं. दोघांनाही वाटतं की मुलाने मोठी नोकरी धरली त्याचं हे पुण्य.

नवऱ्याचं प्रोजेक्ट जुलैअखेर संपलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याला कुजबुज कळली. ३० सप्टेंबर ही तारीख ठरली ती सप्टेंबरच्या सुरुवातीला. मधल्या महिन्याभरात त्याने घरी काही सांगितलं नव्हतं.

"मला वाटलं, हिच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये टाकू त्यांना," तो म्हणाला.

"आणि माझ्यात माझे आईबाबा आहेत," ती म्हणाली. "आमच्याकडे आईवडील किंवा सासूसासरे, जोडी एकच घेता येते. तीही एप्रिलमध्ये. मध्येच नावं बदलता येत नाहीत. हे तू ऑगस्टात विचारलं असतंस तरी हेच उत्तर होतं, पण निदान विचारायचंस तरी."

त्यानंतर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मी पोह्यांची ताटली रिकामी केली.

अशा शांततेचा मला अनुभव आहे. २०२० साली, टाळेबंदीत, मी ज्या दैनिकात होतो तिथून आम्हा काही जणांना जायला सांगितलं गेलं. फोन यायच्या तीन आठवडे आधीपासून वारं कळत होतं. माझ्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते आणि डॉक्टर करून घ्या म्हणत होते. मी तिला सांगितलं, सध्या दवाखान्यात जायला नको, कोरोना आहे. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं. रजा मागितली तर आपलं नाव डोळ्यावर येईल, ही माझी भीती. नोकरी गेली, मेडिक्लेम गेला, नवी पॉलिसी घेतली, आणि तिच्यात मोतीबिंदूला दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ निघाला. हर्निया, मुतखडा, गुडघे या साऱ्यांना साधारण तसाच असतो. दोन्ही डोळे खिशातून झाले. आईला आजही ती मोतीबिंदूची गोष्ट कोरोनाची गोष्ट वाटते.

रखडलेली शस्त्रक्रिया उरकून घेणं हे त्या मधल्या दिवसांतलं पहिलं काम. मी ते करू शकलो असतो.

कर्वे रस्त्यावरचं टेबल

बाणेरच्या जोडप्याबरोबर मी त्यांच्या विमा सल्लागाराकडे गेलो. कर्वे रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतीवर चार विमा कंपन्यांची कॅलेंडरं, सगळी वेगवेगळ्या महिन्यांवर थांबलेली. साठीचे काका. त्यांनी आधी कुणाचंही वय विचारलं नाही. तारीख विचारली.

"तीस सप्टेंबर? म्हणजे तीन आठवडे. पहिल्या कुजबुजीला आला असतात तर बरं झालं असतं."

त्यांचं गणित असं. नवी आरोग्य पॉलिसी घेतली की पहिले तीस दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. ते तीस दिवस कंपनीचं छत्र डोक्यावर असतानाच जाळून टाकायचे. दोन विमे एकदम असायला कायद्याची हरकत नाही. शिवाय पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांच्या आत नको असेल तर परत करता येते, थोडी वजावट होते. नोकरी टिकली तर परत करा. "पण अजून एकानेही परत केलेली नाही," काका म्हणाले. "एकदा घाबरलेला माणूस शहाणा होतो."

नवराबायको आणि त्यांची मुलगी यांचं काम वीस मिनिटांत झालं. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य होणार होता, तेव्हा सही आज करायची की दोन आठवड्यांनी, यावर पाच मिनिटं घोळ झाला. काकांनी तो मोडला. अठरा टक्के वाचवायला गेलात आणि मधल्या काळात घरात कुणी पडलं, तर हिशेब कुठल्या टक्क्यात करायचा ते मला सांगा, म्हणाले.

खरा प्रश्न कोरेगावचा होता. आधीपासूनच्या आजारांना नव्या पॉलिसीत जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ लावता येतो. २०२४ पूर्वी तो चार वर्षांपर्यंत होता. पासष्टीच्या वयोमर्यादेचा नियमही त्याच वर्षी गेला. पण नियम गेला म्हणजे विमा कंपनीची इच्छा आली असं नाही. बहात्तर वर्षांच्या मधुमेही माणसाला आणि हृदयात स्टेंट बसलेल्या बाईला नवी पॉलिसी देताना कंपनी जास्त प्रीमियम मागू शकते, नकारही देऊ शकते.

यावर एक वाट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. गटविम्यातला माणूस, कुटुंबासह, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाऊ शकतो. तिला मायग्रेशन म्हणतात. गटात काढलेली वर्षं मग प्रतीक्षाकाळातून वजा होतात, आधीच्या विमा रकमेपुरती. तीन लाखांचं छत्र होतं आणि आता दहा लाखांचं घेतलं, तर सवलत तीन लाखांपर्यंत. पुढच्या नूतनीकरणाला हवं तर दुसऱ्या विमा कंपनीकडे पोर्ट करता येतं. पण अर्ज नाव कमी होण्याच्या आधी जायला हवा, जमेल तितका आधी. कारण पॉलिसी सुरू असलेल्या माणसालाच सलगपणा मिळतो. मेलेल्या पॉलिसीतून मायग्रेशन होत नाही.

"त्यासाठी कंपनीकडून पत्र लागेल, कोण कधीपासून पॉलिसीत आहे याचं," काका म्हणाले. "आजच मागा."

"एचआरला विचारलं तर वाटेल मी आधीच हार मानली," नवरा म्हणाला.

"अहो, तारीख ठरलेली आहे ना?" बायको म्हणाली.

फॉर्म भरताना आणखी एक गोष्ट घडली. कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट तपासणी मिळते, ती जाण्याआधी करून घ्यावी असा नवऱ्याचा विचार होता. काकांनी हात वर केला. तपासणी जरूर करा, शरीर तुमचं आहे. पण त्यात साखर निघाली तर ती प्रस्तावात लिहावी लागेल, कारण प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो. लिहिली नाही तर पाच वर्षं ती टांगती तलवार. साठ महिने सलग प्रीमियम भरल्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, त्याआधी येतो. मग आधी प्रस्ताव आणि नंतर तपासणी? काका हसले नाहीत. "हे मी सांगणार नाही. माहीत असलेलं लपवू नका, एवढं सांगतो."

मला हा सल्ला अर्धवट वाटला. पण पूर्ण सल्ला काय असू शकतो, तेही सुचलं नाही.

मोहननगरची खिडकी

आठवड्याने मी चिंचवडला मोहननगरच्या कामगार विमा रुग्णालयात गेलो. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींपासून ते फार लांब नाही, पण इथली आणि तिथली माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. ओपीडीची रांग, पंख्याखालची बाकं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले कागद.

चाकणच्या एका प्रेस शॉपमधला तिशीतला कामगार भेटला. मूळ गाव जळकोट, लातूर. कंत्राटदाराकडून कामावर, महिना एकोणीस हजार. ऑगस्टअखेर कंत्राटच संपलं. बायकोला मुतखड्याचा त्रास. कार्ड बंद झालं असेल, पण विचारून तर बघू, म्हणून आला होता. खिडकीवरच्या बाबूंनी पाहिलं आणि म्हणाले, "चालू आहे की."

"किती दिवस, साहेब?"

"पुढच्या जूनपर्यंत."

तो माझ्याकडे बघायला लागला, जणू मीच काही गडबड केली.

गडबड नाही, तशी रचनाच आहे. कर्मचारी राज्य विम्यात पगाराची मर्यादा २१ हजार रुपये. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के घालतो. एप्रिल ते सप्टेंबर हा एक वर्गणीकाळ, त्याचा लाभकाळ पुढचा जानेवारी ते जून. ऑक्टोबर ते मार्च हा दुसरा, त्याचा लाभकाळ जुलै ते डिसेंबर. एका वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल तर जोडीच्या लाभकाळाच्या शेवटापर्यंत उपचार मिळतात. या कामगाराची एप्रिल ते ऑगस्ट वर्गणी भरलेली. म्हणून जून. १९४८ च्या कायद्याने हे बांधलं. त्याचा आराखडा प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ च्या अहवालात मांडला होता, आणि १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. नोकरी सुटली म्हणून आजार थांबत नाही, एवढी गोष्ट त्या लोकांना ठाऊक होती.

म्हणजे एकोणीस हजारवाल्याचं छत्र नोकरीनंतर दहा महिने टिकतं. एकोणीस लाखवाल्याचं त्याच रात्री मिटतं. मी हे वाक्य हिंजवडीत चार-पाच जणांना ऐकवलं. एकानेही आधी ऐकलेलं नव्हतं, आणि दोघांना ते खोटं वाटलं.

कामगार विम्याचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. त्याच बाकावर एक आजी सकाळी आठपासून बसल्या होत्या आणि औषध बाहेरून आणायची चिठ्ठी घेऊन दीड वाजता उठल्या. कंत्राटदार वर्गणी कापतो पण भरत नाही, असं घडलं तर कार्डाला काही अर्थ उरत नाही. म्हणून नोकरी डळमळायला लागली की पहिल्यांदा आपल्या विमा क्रमांकावर किती दिवसांची वर्गणी दिसते ते पोर्टलवर पाहावं. या तरुणाला खिडकीवर आणखी एक गोष्ट कळली. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेकारीच्या काळात सरासरी रोजंदारीच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त नव्वद दिवस, आयुष्यात एकदाच मिळते. कारखाना बंद पडला किंवा कपात झाली तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचा भत्ता चोवीस महिन्यांपर्यंत जाऊ शकतो. पण त्यासाठी कागदावर कपात दिसायला हवी.

"तुमच्या कंत्राटदाराने काही सही घेतली का?" बाबूंनी विचारलं.

"घेतली ना. हिशेबाच्या कागदावर."

"त्यात राजीनामा लिहिला होता का?"

त्याला माहीत नव्हतं. कागद इंग्रजीत होता.

राजीनाम्याचा हा खेळ वर हिंजवडीतही चालतो, फक्त एसी खोलीत. 'तुमच्या प्रोफाईलला बरं दिसेल' असं सांगून राजीनामा लिहून घेतात. तो एकदा दिला की कायद्यातली कपातीची भरपाई, म्हणजे दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, मागणं अवघड. इंजिनिअर हा 'कामगार' ठरतो की नाही हा वाद आहेच, पण राजीनामा दिलेल्याला तो वाद घालायचीही सोय उरत नाही.

न्यू जर्सीत माझा एक वर्गमित्र आहे, एच-वन-बी व्हिसावर. नोकरी गेली तर देशात राहायला साठ दिवस. पण त्याच्याकडे कोब्रा नावाचा कायदा आहे, वीस किंवा जास्त माणसांच्या कंपनीत लागू. कंपनीचाच विमा पुढे अठरा महिने ठेवता येतो, फक्त मालकाचा वाटाही आपण भरायचा, वर दोन टक्के. इतका महाग की त्याच्या ओळखीतल्या बहुतेकांना परवडत नाही. तरी निर्णयाला साठ दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत कुणी आजारी पडलं तर मागच्या तारखेपासून घेता येतो. आपल्याकडे पांढरपेशा नोकरदारासाठी अशी कायद्याची शेपूट नाही. जे काय करायचं ते तारखेच्या अलीकडे.

पांढरं रेशनकार्ड

बाणेरच्या जोडप्याच्या घरी मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा दिवाणावर एक जुनी ट्रंक उघडी होती. रेशनकार्ड शोधणं चाललं होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती राहिलेली नाही. पांढरं, म्हणजे शुभ्र कार्ड असलेल्या कुटुंबालाही वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, यादीतल्या आजारांसाठी, यादीतल्या रुग्णालयात मिळतात. रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस टेबल टाकून बसलेला असतो, त्याच्याकडे कार्ड आणि आधार द्यायचं. हे कळल्यापासून नवरा तीनदा तहसील कचेरीत जाऊन आला होता. पुण्याला येताना त्याचं नाव कोरेगावच्या कार्डातून कमी केलेलं, आणि पुण्याच्या कार्डात कधी चढवलेलंच नाही. अकरा वर्षं त्याला त्याची गरज पडली नव्हती. तांदूळ घ्यायचा नव्हता.

आईवडिलांची नावं कोरेगावच्या कार्डात शाबूत आहेत. फक्त आईंच्या हृदयाचे डॉक्टर ज्या रुग्णालयात बसतात, ते योजनेच्या यादीत नाही.

त्याने शेवटी घरी सांगितलं. वडील फोनवर एवढंच म्हणाले, "मग त्यात काय. माझी दूध संघातली गेली तेव्हा तू सहावीत होतास." आईंनी विचारलं, गोळ्या तरी पुण्याहून पाठवशील ना.

एचआरने पत्र दोन दिवसांत दिलं. मागण्यात काही अवघड नव्हतं. मायग्रेशनचा अर्ज ३० सप्टेंबरच्या तेरा दिवस आधी गेला. वडिलांचा मंजूर झाला, जादा प्रीमियम लावून. पगारातून जेवढं कापलं जायचं त्याच्या जवळपास तिप्पट. वडिलांना खरं तर आणखीही एक आधार आहे. सत्तरी पूर्ण केलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांचं छत्र मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून. ते कार्ड त्यांनी कोरेगावातच काढून आणलं, मुलाला न सांगता.

आईंचा अर्ज नाकारला गेला. कारण एका ओळीत: वैद्यकीय जोखीम. जोडप्याने विमा कंपनीच्या तक्रार कक्षाकडे दाद मागितली आहे, उत्तर यायचं आहे. तोवर फुले योजनेतलं जवळचं रुग्णालय कोणतं, ते वडिलांनी वहीत लिहून ठेवलंय.

वय वंदना कार्डासाठी वय आधारवरून धरतात. आईंच्या आधारवर १ जून १९५७ आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी मांडलेली ती तारीख. थोरल्या मामांच्या म्हणण्याप्रमाणे त्या दुष्काळानंतरच्या पेरणीच्या वर्षी, म्हणजे दोन वर्षं आधी जन्मल्या, आणि यंदा आखाडात त्यांनी सत्तरी ओलांडली. आधारवर ती १ जून २०२७ ला पूर्ण होईल.